लाखोळीच्या तलावात साडेसात फूट पाणी

पत्र्याची पेटी आधी आली आणि नकार मागून आला. आमच्याकडे पोरगं बाहेरगावी शिकायला निघालं की त्याच्यासाठी पेटी घ्यायची आणि पेंटरकडून झाकणावर नाव घालून आणायचं, ही रीत आहे. माझ्या बाबांनी ती प्रवेश मिळण्याआधीच उरकली. प्रवेश परीक्षेचा पेपर चांगला गेला, एवढंच मी घरी सांगितलं होतं, पण माझ्या शब्दावर त्यांचा भारी भरवसा. अड्याळच्या पेंटरनं निळ्या पेटीवर पांढऱ्या अक्षरांत माझं पूर्ण नाव घातलं, खाली विद्यापीठाचं नाव घातलं, आणि जागा उरली म्हणून आपल्या मनानं 'बी.एस्सी. प्रथम वर्ष' असंही लिहून टाकलं. कोपऱ्यात एक गुलाबाचं फूल काढलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

यादी लागली तेव्हा रोवणीचे, म्हणजे धानाची रोपं उपटून दुसरीकडे लावायचे दिवस होते. आई बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात होती, बाबा धान खरेदी केंद्रावर. आमच्या गावात नेटवर्क विहाराच्या मागच्या पायरीवर बरं येतं, म्हणून मी तिथं बसून यादी उघडली. पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. दुसरीत नव्हतं, तिसरीतही नव्हतं. मग एक मेल आला, चार ओळींचा, त्यातल्या दोन ओळी खेदाच्या. मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा राग आला ते कळेना, म्हणून घरी येऊन मी त्या पेटीला लाथ मारली. पेटीला पोचा पडला आणि माझा अंगठा आठ दिवस सुजलेला राहिला.

मला त्याच विद्यापीठात का जायचं होतं, हे सांगायला हवं. तलावांचा जिल्हा म्हणून आमची ओळख. मी तलावाच्या पाळीवर मोठी झाले, पण त्या पाण्यात नेमकं काय असतं, एका वर्षी मासे भरपूर आणि दुसऱ्या वर्षी मरतात ते कशानं, हे मला कुणी सांगू शकत नव्हतं. त्या विद्यापीठात गोड्या पाण्याचा अभ्यास हा एक विषयच होता. रेल्वेनं एक रात्र आणि अर्धा दिवस लागेल इतक्या लांब होतं ते, पण होतं.

गावानं सांत्वन करायचं ते केलं. शेजारचे काका म्हणाले, "जाऊ दे वो बाई, आवत्या धान बी पिकतेच. रोवनाच लागते असं काई नाही." आवत्या म्हणजे जागच्या जागी फेकून पेरलेलं धान, ते उपटून दुसरीकडे लावत नाहीत. मी त्यांना विचारलं की मग तुमच्या बांधीत आज दहा बाया कशाला वाकल्या आहेत. आई म्हणाली, तोंड आवर. मी तोंड आवरलं आणि भंडाऱ्याच्या एका कॉलेजात नाव घातलं.

सकाळची एसटी, ड्रायव्हरच्या मागची जागा, मांडीवर पुस्तक. पहिले काही दिवस मी त्या कॉलेजकडे पाहुणी आल्यासारखी बघत होते. मग एका दुपारी त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर एक सूचना दिसली. दुसऱ्या वर्षाला काही जागा रिकाम्या राहतात, त्या बाहेरच्या विद्यार्थ्यांतून भरतात. अटी होत्या. पहिल्या वर्षाच्या सगळ्या विषयांत पास, ग्रेड चांगली, अभ्यासक्रम जुळता, कॉलेजची सही-शिक्का असलेलं प्रात्यक्षिकाचं जर्नल, आणि मुलाखत. मी त्या अटी एका कागदावर उतरवून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवल्या. पेटीत तोवर आईनं वाळवलेली लाखोळीची भाजी भरून ठेवली होती, कारण घरात रिकामी पेटी बरी दिसत नाही असं तिचं मत. लाखोळी म्हणजे धानानंतर ओल्या जमिनीत फेकायचं कडधान्य; तिचे कोवळे शेंडे आमच्याकडे थंडीत खुडतात आणि वर्षभर पुरावेत म्हणून वाळवतात. अटी वाचायला झाकण उघडलं की त्या भाजीचा वास यायचा. मी रोज उघडत होते.

पोळ्याच्या सुमारास तीन दिवस पाऊस थांबला नाही आणि आमच्या गावच्या तलावाची पाळ फुटली. सकाळी भरलेला तलाव संध्याकाळी चिखल झाला. लोक टोपल्या घेऊन मासे वेचायला धावले, मग दोन दिवस हळहळले, आणि चिखल जरा आळल्यावर त्यात लाखोळी फेकून मोकळे झाले. आमच्या माणसाला ओली जमीन रिकामी बघवत नाही. दिवाळीपर्यंत तलावभर हिरवं झालं होतं.

आता माझी गोष्ट सांगते, आणि ती सांगताना मला आजही कान गरम झाल्यासारखे वाटतात. पहिल्या सत्राच्या प्रात्यक्षिकात 'गावातील तलावाच्या पाण्याची पाहणी' असा एक भाग होता. पाच आठवडे दर आठवड्याला जायचं, पाण्याचं तापमान घ्यायचं, खोली मोजायची, पाणी किती गढूळ ते बघायचं आणि जर्नलात लिहायचं. पण आमच्याकडे जर्नल लिहीत नाहीत, उतरवतात. पुढच्या वर्गातल्या मुलीकडून तिचं घ्यायचं, तिनं तिच्या पुढच्या मुलीकडून घेतलेलं असतं. गावाचं आणि तलावाचं नाव तेवढं आपलं घालायचं. सरांना माहीत असतं, सरांनीही त्यांच्या काळी उतरवलेलं असतं. त्या वर्षी आमच्या वर्गाच्या जर्नलांप्रमाणे जिल्ह्यातल्या यच्चयावत तलावांत सारखंच साडेसात फूट पाणी होतं.

मीही उतरवलं. मला बाकीच्या पेपरात ग्रेड हवी होती, त्यासाठी वेळ हवा होता, आणि जर्नल हे एका रात्रीचं हमालीकाम समजलं जायचं. ज्या विषयासाठी मी पेटीला लाथ मारली, त्याच विषयाचं पहिलं काम मी न बघता लिहिलं. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

डिसेंबरात जर्नल तपासून परत आलं. पैकीच्या पैकी गुण, सरांची सही, कॉलेजचा गोल शिक्का. संध्याकाळी बाबा जेवायला बसले होते तेव्हा मी ते मोठ्या तोऱ्यात त्यांच्यापुढे धरलं. बाबा खरेदी केंद्रावर काट्यावर असतात. शेतकऱ्याचा धानाचा कट्टा, म्हणजे पोतं, काट्यावर चढला की आकडा बघायचा आणि पावतीवर लिहायचा, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. त्यामुळे कुठलाही कागद ते पावतीसारखा वाचतात, बोट फिरवत, आधी तारीख, मग आकडा.

त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. "हे दिवाळीच्या आंधीच्या हप्त्यातलं हाये ना वो?"

मी म्हटलं, हो.

"आपल्याच तलावाचं?"

"हो बाबा, नाव हाये ना वर."

त्यांनी जर्नल बाजूला ठेवलं आणि ताटातली भाजी बोटानं दाखवली. "मंग हे कोनत्या तलावातली होय?"

ताटात लाखोळीची भाजी होती. आईनं ती त्याच दिवशी, त्याच तलावातून खुडून आणली होती. आईला आधी हसू आलं, मग तिनं पदर तोंडाला लावला. "साडेसात फूट पान्यात बुडी मारून भाजी खुडली म्या," ती म्हणाली. मी हसले नाही. मला जमिनीत जावंसं वाटलं, आणि जमीन म्हटलं तरी डोळ्यांपुढे तो तलावच येत होता.

बाबा चिडले नाहीत. चिडले असते तर मीही चिडले असते आणि विषय संपला असता. ते एवढंच म्हणाले, "काट्यावर आंधी पाहाचं, मंग लिहाचं. आंधी लिहून ठेवलं ना, का मंग डोळ्याले बी तोच आकडा दिसते." मग ते जेवायला लागले.

मला झोप आली नाही हे खरं, पण त्यामागे प्रामाणिकपणा नव्हता, भीती होती. हे जर्नल त्या विद्यापीठात जाणार होतं. तिथली माणसं पाण्याचीच. भर दिवाळीत आमच्या तलावात पाणी नव्हतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. पाच आठवड्यांत पाण्याची खोली बोटभरही हलत नाही, एवढं बघून त्यांनी ओळखलं असतं. सकाळी मी बाबांना माझा उपाय सांगितला. शेजारच्या गावचा तलाव शाबूत होता. तिथं जाऊन खरे आकडे घ्यायचे, नवीन जर्नल लिहायचं, तारखा फक्त आधीच्या घालायच्या.

बाबा सायकलची चेन चढवत होते. मान वर न करता म्हणाले, "मागल्या तारखेची पावती मी फाडत नाही."

"पावती नाही ना बाबा, जर्नल हाये."

"तेच."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मग जानेवारीत नवीन जर्नल आणलं आणि पहिल्या पानावर आजची तारीख घातली.

दर रविवारी सकाळी मी शेजारच्या गावच्या तलावावर जाऊ लागले. थर्मामीटर कॉलेजच्या प्रयोगशाळेतून सही करून घेतला. पाणी किती गढूळ ते बघायला एक काळी-पांढरी तबकडी लागते. ती दोरीनं पाण्यात सोडायची आणि किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजायचं. कॉलेजातली तबकडी कपाटात कुलूपबंद होती आणि किल्ली सापडत नव्हती. मी तेलाच्या डब्याचं झाकण घेऊन अड्याळच्या त्याच पेंटरकडे गेले. त्यानं ते काळं-पांढरं रंगवून दिलं आणि मला ओळखलं. "पेटीवरचं 'प्रथम' खोडून देऊ का? साल तर इथंच निघून राहिलं." त्याला वाईट वाटलं होतं, बोलण्यात टोमणा नव्हता. तरी मी म्हटलं, तुम्ही या डब्याच्या झाकणापुरतं बघा.

त्या तलावात मासेमारी करणारे ढिवर समाजाचे एक आबाजी होते. लाकडाच्या डोंग्यात बसून जाळं टाकायचे. त्यांनी दोन रविवार मला काठावर झाकण बुडवताना बघितलं आणि तिसऱ्या रविवारी डोंगा माझ्याजवळ आणला.

"काय पकडून राहिली वो पोरी? झाकनात तं मासा येत नाही."

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काठावरचं पानी म्हंजे काई तलाव नोय. बस." त्यांनी मला मधोमध नेलं. मी झाकण सोडलं, ते दिसेनासं झालं, मी दोरीला गाठ मारली. आबाजींनीही वाकून बघितलं आणि माझा आकडा चूक ठरवला, कारण त्यांना ते अजून दिसत होतं. सत्तरीच्या माणसाची नजर माझ्याहून चांगली निघाली. मग दर रविवारी दोघांनी बघायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे असं ठरलं. पाणी कुठं थंड, कुठं कोमट, सकाळी मासा वर का येतो, हे ते बोलत जायचे आणि मी शेवटच्या पानांवर लिहून घ्यायचे. मला त्या काळात वाटायला लागलं होतं की माझी पहिली खरी प्रयोगशाळा हा डोंगाच आहे.

सगळे रविवार जमले नाहीत. एकदा ताप होता, तीनदा परीक्षा तोंडावर होती, एकदा आजीच्या तेरवीला जावं लागलं. पहिल्यांदा चुकलं तेव्हा मी जर्नल घेऊन बसले आणि आकडा अंदाजानं सांगता येतोय हे माझ्या लक्षात आलं. आधीचा माहीत, पुढचा येणारच, मधला काय असेल ते सातवीतलं पोरही सांगेल. पेन कागदावर टेकवलं होतं. मग मी तिथं 'पाहिले नाही' असं लिहिलं. अशी पाच पानं झाली.

मे महिन्यात दुसऱ्या सत्राचा निकाल लागला. ग्रेड हवी तशी आली, अभ्यासक्रमाच्या प्रतींवर शिक्के झाले, टीसीचा अर्ज झाला. राहिलं जर्नल. मी दोन्ही घेऊन सरांकडे गेले आणि सांगितलं की मला दोन्ही पाठवायची आहेत, पहिलं उतरवलेलं आहे असं सोबत लिहून.

सर माणूस चांगला. त्यांनी माझ्याकडून इंग्रजीचा सराव करून घेतला होता, शिफारसपत्रही दिलं होतं. त्यांचा चेहरा पडला. "काहून उकरून राहिलीस हे? पैकीच्या पैकी आहेत त्यात. तुझ्यासोबत माझी सही जाऊन राहिली, समजून घे."

मला समजत होतं. मी म्हटलं, "सर, आमच्या तलावात लाखोळी होती."

 त्यांनी दुसरं जर्नल ओढून घेतलं आणि एकेक पान उलटलं. आबाजींचे आकडे पाहिले, 'पाहिले नाही'ची पानं पाहिली. शेवटी सही केली आणि खाली त्या दिवसाची तारीख घातली. पहिल्या जर्नलाला त्यांनी हात लावला नाही, पण पाठवू नकोस असंही म्हणाले नाहीत. पुढच्या वर्षीपासून त्यांनी पोरांना खरंच तलावावर न्यायला सुरुवात केली, असं मागून कानावर आलं. निदान कपाटाची किल्ली तरी सापडली.

मुलाखत व्हिडिओवर होती. विहाराच्या पायरीवर बसून ती देता येणार नव्हती. खरेदी केंद्रावर शेतकऱ्यांची नोंदणी करायला कॉम्प्युटर आणि चांगलं नेट आहे, म्हणून बाबांनी तिथल्या साहेबांची परवानगी काढली. उन्हाळी धानाची खरेदी जोरात होती. कट्ट्यांचे ढीग, भुशाची धूळ, बाहेर ट्रॅक्टरांची रांग. मी आतल्या खोलीत बसले. दार लावून घेताना बाबा म्हणाले, "भेऊ नोको. जे हाये ते सांगजो."

पडद्यावर तिघं होते. बोलल्या मुख्यतः एक मॅडम. त्यांनी इंग्रजीत विचारलं, मी अर्धं इंग्रजीत आणि अर्धं हिंदीत सांगितलं. पहिलाच प्रश्न होता, दोन जर्नलं कशासाठी. मी सगळं सांगितलं, ताटातल्या भाजीसकट. एका सरांनी मध्येच विचारलं की म्हणजे तुम्ही पहिलं खोटं सादर केलं होतं का. मी म्हटलं, हो. 

मग मॅडमनी दुसरं जर्नल उघडलं. या पाच पानांवर काहीच आकडे नाहीत, म्हणाल्या. ते तुम्ही भरले असते तर इथं बसून आम्हाला कळलं नसतं. का नाही भरले?

मला काहीतरी मोठं बोलता आलं असतं. सरांनी तशी दोन-तीन वाक्यं पाठही करून घेतली होती. मी म्हटलं, "माझे बाबा दाराबाहेर उभे आहेत. त्यांना कळलं असतं."

त्यांनी विचारलं, बाबा काय करतात. मी म्हटलं, काट्यावर असतात. आणि तेव्हा मला जाणवलं की बाहेर आवाज नव्हता. कट्टे आपटण्याचा नाही, आकडा ओरडून सांगण्याचा नाही. मुलाखत संपवून दार उघडलं तर ट्रॅक्टरांची रांग होती तशीच, माणसं विड्या ओढत बसलेली, आणि बाबा बंद काट्याशेजारी उभे. खरेदीच्या दिवसांत त्यांनी काटा कधी थांबवल्याचं मला आठवत नाही. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "झाला का बाई तुझा पेपर? आता आमाले मोजू दे." बाबांनी काटा सुरू केला.

तीन आठवड्यांनी मेल आला. मी तो पायरीवर बसून एकदा वाचला आणि घरी येऊन बाबांना वाचून दाखवला. दुसऱ्या वर्षाला प्रवेश मंजूर. पण पहिल्या वर्षाच्या त्या प्रात्यक्षिकाचे गुण त्यांनी धरले नव्हते. तेवढा भाग मला पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर बसून पुन्हा करायचा होता. आईनं विचारलं, म्हणजे पास का नापास. मी म्हटलं, पास, आणि मग मात्र मला रडू आलं, एका वर्षाचं साठलेलं.

आईनं पेटी रिकामी केली, पुसली, आणि तळाशी वाळवलेल्या लाखोळीची एक पिशवी परत ठेवली. बाबा ती पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून पेंटरकडे न्यायला निघाले, मीही मागून चालत गेले. पेंटरनं पोच्यावरून हात फिरवला, ब्रश भिजवला आणि खुशीत म्हणाला, "सांगा, 'प्रथम'च्या जागी 'द्वितीय' करू ना?"

मी हो म्हणणार होते. बाबांनी हात आडवा केला.

"राहू दे. तिचं पहिल्या वर्साचं एक काम बाकी हाये." मग पेटीकडे बघत म्हणाले, "मागल्या खेपेस यादी न पाहताच मी लिहून घेतलं होतं. तिले ज्याच्यासाठी बोललो, तेच मी बी केलं होतं."

पेंटरनं ब्रश परत डब्यात ठेवला. बाबांनी पेटी कॅरिअरला पुन्हा बांधली, आणि आम्ही दोघं सायकल ढकलत घरी आलो.